जुन्या सायकलीची नाडीपरीक्षा



सोसायटीच्या जिन्याखाली, वाड्याच्या बोळात किंवा आजोळच्या पडवीत धूळ खात उभी असलेली एखादी काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची सायकल तुम्ही नक्की पाहिली असेल. टायरला भेगा पडलेल्या, सीटचे चामडे वाळून कडक झालेले, चेनवर गंजाचा थर. घरातले म्हणतात, "भंगारवाला आला की देऊन टाकू." भंगारवाला येण्यापूर्वी तुम्ही तिची एकदा रीतसर तपासणी करावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे अडीच-तीन मीटर दोरा, एक फूटपट्टी, एक लोहचुंबक आणि शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र.

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. कॉलेजचे विद्यार्थी, कचेरीतले कारकून, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार, सारे सायकलीवरच. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने पेठापेठांतून होती. सायकलीवर कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा 'डबलसीट' सापडलात, तर पोलीस अडवी. पुढे १९७२ साली चेतक स्कूटर आली आणि त्याच वर्षी ल्यूना मोपेड आली. गंमत अशी, की पुण्याच्या सायकली ज्यांनी अडगळीत टाकल्या, ती दोन्ही वाहने पुणे परिसरातल्याच कंपन्यांची होती! पण पोलादाचे आयुष्य मोठे असते. त्या सायकली नाहीशा झाल्या नाहीत; माळ्यावर आणि जिन्याखाली गेल्या. त्यांतल्या काही अधूनमधून जुन्या बाजारात, भंगाराच्या वखारीत किंवा एखाद्या सायकल दुकानाच्या मागच्या भिंतीशी पुन्हा दिसतात.

ओळख पटवणे

अशा सायकलीवरचे नाव बहुधा पुसलेले असते. मग पायडलच्या दातेरी चक्राकडे, म्हणजे चेनव्हीलकडे पाहावे. जुने कारखानदार आपली खूण त्या चक्राच्या नक्षीतच कापून घेत. बगळ्याची डोकी असली तर इंग्लंडमधील नॉटिंगहॅमची रॅले; उघडा पंजा असला तर रज; एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असल्या तर बर्मिंगहॅमची बी.एस.ए. (ही मुळात बंदुका करणारी कंपनी, तेव्हा खूण रास्तच म्हणायची.) पुढच्या चिमट्याचा प्रत्येक पाय दुहेरी नळ्यांचा असेल तर ती हंबर असण्याचा संभव फार.

स्वातंत्र्यानंतर आयात आटत गेली आणि देशी कारखाने उभे राहिले. मुंबईची हिंद, आसनसोलजवळची सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला होणारी हर्क्युलिस, सोनीपतची अ‍ॅटलस (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) ही नावे तुमच्या आजोबांना पाठ असतील. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला; त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता.

या साऱ्यांची ठेवण मात्र एकच. जॉन केम्प स्टार्ली या इंग्रजाने १८८५ साली दोन सारख्या चाकांची, चेनने मागचे चाक फिरवणारी 'रोव्हर' सायकल काढली; १८८८ साली डनलॉपने हवेचे टायर आणले; आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत सायकलीला जो आकार आला तोच काळ्या सायकलींनी शंभर वर्षे टिकवला. म्हणून एक सायकल समजली की सगळ्या समजतात. विलायती नावाच्या मागे लागून जास्त पैसे मोजू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या प्रयोगाला एखादी हर्क्युलिस किंवा अ‍ॅटलस उत्तम, कारण तिचे सुटे भाग अजून मिळतात. नॉटिंगहॅमच्या रॅलेवर कित्येक ठिकाणी एका इंचात २६ आटे असत, तर इतरांच्या त्याच भागावर २४. दुकानातला नवा कप हातात धरला तर दिसायला हुबेहूब तसाच, पण रॅलेत तो बसणार नाही. आणि कोणी जबरदस्तीने बसवला, तर सांगाड्याचे आटे कायमचे जातील.

निरनिराळ्या सायकली शेजारी शेजारी पाहायच्या असतील, तर विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली पुण्यात कर्वेनगरात सुरू केलेले सायकलींचे संग्रहालय प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची बी.एस.ए. सायकलही त्या संग्रहात आहे.

आधी सांगाडा, मग बाकी सगळे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सायकलीचे भाग दोन प्रकारचे. टायर, ट्यूब, चेन, छर्रे, ब्रेकची रबरे, कॉटर, पायडल हे झिजण्यासाठीच असतात. ते बदलता येतात आणि त्यांचा खर्चही फार नसतो. सांगाडा आणि पुढचा चिमटा झिजत नाहीत. ते एक तर शाबूत असतात किंवा बिघडलेले असतात. जुनी सायकल घेणाऱ्यांचे डोळे नेमके उलट फिरतात. चकचकीत घंटी, नवे सीटकव्हर आणि ताजा रंग पाहून ते पैसे मोजतात. आणि टायर फाटका, चेन गंजकी, पण सांगाडा सरळ अशी सायकल सोडून देतात. तुम्ही असे करू नका. चिमटा उतारावर मोडला तर दात आणि जबडा यांचा प्रश्न असतो, हे लक्षात ठेवा.

पहिली परीक्षा बोटांची. हँडल ज्या आखूड उभ्या नळीत फिरते, तिच्या मागे दोन नळ्या येऊन मिळतात. वरची आडवी, खालची तिरपी. या सांध्यांच्या मागे दोन-तीन सेंटीमीटरवर, नळ्यांच्या खालच्या अंगाने बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला बारीक फुगवटा लागला, तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. असे का? धडकेच्या वेळी चिमटा मागे रेटला जातो. तिरप्या नळीच्या खालच्या अंगावर दाब येतो, वरच्या अंगावर ताण. पातळ पोलादी नळी ताण सोसते, पण दाबाखाली कागदाच्या सुरळीसारखी चुरगळते. म्हणून खूण खालच्याच बाजूला सापडते.

दुसरी परीक्षा डोळ्याची. सायकलीपासून चार पावले दूर, बाजूला उभे राहा. हँडलची नळी आणि चिमट्याचा वरचा सरळ भाग एका रेषेत दिसले पाहिजेत. चिमटा पुढे वळतो तो खालच्या टोकाशी. वरच्या भागातच मागे झुकलेला दिसला, तर सायकल सोडा. दुकानदार म्हणेल, "ठोकून सरळ करून देतो." एकदा वाकलेले पोलाद थंडपणी उलट वाकवले की त्याच जागी ते ठिसूळ होत जाते, कागदाची क्लिप दहा-बारा वेळा उलटसुलट वाकवून पाहा, म्हणजे पटेल.

तिसरी परीक्षा दोऱ्याची, आणि ही मला सर्वांत आवडते. मागच्या चाकाचा आस ज्या खाचेत बसतो तिथे दोऱ्याचे एक टोक बांधा. दोरा पुढे नेऊन हँडलच्या नळीभोवती वळवा आणि दुसऱ्या बाजूने तितक्याच उंचीवर मागच्या दुसऱ्या खाचेला घट्ट बांधा. आता सीटखालची उभी नळी या दोन दोऱ्यांच्या मधोमध आली पाहिजे. दोन्ही बाजूंची अंतरे फूटपट्टीने मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. पाच-सहा मिलिमीटर निघाला, तर मागचा भाग एका बाजूला वळलेला आहे. अशी सायकल हात सोडला की एकीकडे ओढते. समद्विभुज त्रिकोणाचा मध्य काढण्याचाच हा प्रकार आहे. भूमितीच्या तासाला त्रिकोण कागदावर असतो, इथे तो सायकलीवर ताणलेला आहे, एवढेच.

चौथी परीक्षा चुंबकाची. गंजून भोक पडलेल्या नळीत लांबी भरून वर रंग फासण्याची युक्ती जुनीच आहे. लोहचुंबक नळीवरून हळूहळू सरकवत न्या. रंगाच्या पातळ थरातून तो पोलादाला ओढून धरतो. लांबी आली की ओढ एकदम कमी होते. पायडलच्या आसाजवळचा खालचा भाग विशेष तपासा. सीटच्या नळीतून शिरलेले पाणी तिथेच साठते आणि सांगाडा आतून गंजतो.

एक गोष्ट भौतिकशास्त्राची नाही, पण तितकीच महत्त्वाची. जुन्या बाजारात सायकल घेतलीत, तर विकणाऱ्याचे नाव, तारीख आणि सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक घातलेली पावती मागा. हा क्रमांक बहुधा सीटखालच्या सांध्यावर किंवा पायडलच्या आसाखाली असतो. तो कानशीने घासलेला दिसला किंवा पावती द्यायला नकार मिळाला, तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. कोणाची तरी चोरीस गेलेली सायकल आपण दुरुस्त करीत बसण्यात काय अर्थ? आणि हो, खरेदीला घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर न्या.

उलट्या आट्यांचे कोडे

सांगाडा पास झाला की सायकल उघडायची. आमच्याकडे या कामाला 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात. शब्द कोणत्याही इंग्रजी कोशात याच अर्थाने सापडणार नाही, पण पुण्यातला प्रत्येक सायकलवाला तो जाणतो. आधी आदल्या दिवशी प्रत्येक नट-बोल्टावर पातळ तेलाचे दोन थेंब सोडून ठेवा. धुण्यासाठी पूर्वी रॉकेल वापरीत. आता ते सहज मिळत नाही, डिझेल चालते. पेट्रोल कदापि वापरू नका. त्याची वाफ हवेत मिसळते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते.

पायडल काढताना बहुतेक नवशिके अडतात. उजवे पायडल नेहमीसारखे, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवले की सुटते. डावे मात्र तसे फिरवाल तर अधिकच आवळत जाते, कारण त्याचे आटे उलटे असतात. (सोपी खूण सांगतो. पाना वर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही पायडले सुटतात.) असे कशासाठी केले असेल?

तुम्ही म्हणाल, फिरताना घर्षणाने सुटू नये म्हणून. पण जरा विचार करा. उजव्या बाजूने पाहिले तर क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरते आणि तिच्या तुलनेत पायडल घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. घर्षणाने आस त्याच्याबरोबर ओढला गेला, तर उजव्या बाजूचे सरळ आटे सुटायला हवेत! प्रत्यक्षात ते सुटत नाहीत. म्हणजे घर्षणापेक्षा बलवान असे दुसरे काही तरी तिथे घडते.

प्रयोग करून पाहा. एक बांगडी टेबलावर ठेवा आणि तिच्या आत, तिच्यापेक्षा थोडी लहान गोल डबी ठेवा. डबीवर एक खूण करा. आता डबी बांगडीच्या आतल्या कडेला टेकवून, न घसरू देता, घड्याळाच्या उलट दिशेने कडेकडेने लोळवत न्या. डबीची खूण कोणत्या दिशेने फिरली? घड्याळाच्या दिशेने, म्हणजे उलट! बांगडीचा आतला व्यास ६० मि.मी. आणि डबीचा ५० मि.मी. असेल, तर एका फेरीत डबी स्वतःभोवती एक पंचमांश फेरा उलटी फिरते. दोन व्यासांतला फरक भागिले डबीचा व्यास, हा हिशेब.

पायडलचा आस म्हणजे ती डबी आणि क्रँकचे भोक म्हणजे बांगडी. कितीही घट्ट आवळले तरी आट्यांत केसाएवढी फट राहतेच. पायाचा दाब नेहमी खाली असतो, पण क्रँक फिरत असल्यामुळे तिच्या दृष्टीने हा दाबच गोल फिरत असतो. त्यामुळे आस भोकाच्या कडेने लोळतो आणि दर फेरीला किंचित उलट फिरतो. आसाचा व्यास सुमारे १४ मि.मी. आणि फट अर्ध्या दशांशाची, म्हणजे ०.०५ मि.मी. धरली, तर २८० फेऱ्यांत एक पूर्ण फेरा! साधारण दीड किलोमीटरच्या प्रवासात पायडल एक आटा सुटू पाहणार. म्हणून उजवीकडे सरळ आणि डावीकडे उलटे आटे ठेवून, हे लोळणे सोडवण्याऐवजी आवळण्याच्या कामी लावलेले आहे.

क्रँक आसावर अडकवणारी कॉटर पिन ही एक पाचर आहे. नट सोडून तिच्यावर हातोडी मारायची. पण क्रँकच्या खाली जमिनीपर्यंत लोखंडी नळीचा टेकू दिल्याशिवाय मारू नका. टेकू नसेल तर हातोडीचा आघात पाचरीला न लागता आतल्या छर्ऱ्यांना लागतो आणि त्यांच्या कपावर खड्डे पडतात. पाचर हटलीच नाही, तर हट्ट न धरता मेस्त्रीकडे न्यावी.

छर्रे मोजून काढा. बहुतेक काळ्या सायकलींत पुढच्या चाकाच्या प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे १०, मागच्या चाकात पाव इंचाचे ९ आणि पायडलच्या आसाला पाव इंचाचे ११ छर्रे असतात. गोलात जागा दिसते म्हणून एक जास्त कोंबू नका. छर्ऱ्यांना फिरायला मोकळीक हवी. झिजलेल्या छर्ऱ्यांत दोन-चार नवे मिसळणे ही खोटी काटकसर आहे. नवा छर्रा जुन्यापेक्षा किंचित मोठा असतो. मग सगळा भार त्या दोन-चारांवरच येतो आणि कप कोरला जातो. बदलायचे तर सगळे बदला. कोन आवळताना चाक सहज फिरावे, पण रिम धरून बाजूला हलवली तर खडखड होऊ नये, एवढेच आवळावे.

चाक कशावर उभे राहते?

तुमच्या सायकलीचा एक स्पोक सोडवून हातात घ्या. दोन मिलिमीटर जाडीची तार ती. टेबलावर उभी धरून वरून बोटाने दाबा, लगेच वाकते. मग अशा तारांवर ऐंशी किलोंचा भार कसा पेलतो?

पेलतो, कारण प्रत्येक तार आधीच ताणून बसवलेली असते; भरलेल्या चाकात एकेका स्पोकवर पन्नास किलो वजनाइतका किंवा त्याहून जास्त ताण असतो. तुम्ही सीटवर बसलात की तुंब्याखालच्या स्पोकांचा ताण काहीसा कमी होतो. बाकीच्यांचा फारसा बदलत नाही. खालून ओढणारे ढिले पडले, वरून ओढणारे तसेच राहिले. म्हणजे एकूण ओढ वरच्या दिशेला झाली. भार उचलला गेला तो असा. खालचे स्पोक कमी ओढून मदत करतात. पण ताण पुरता संपला, तर तार ढिली पडते, हलत राहते आणि काही दिवसांनी तुटते. स्पोक तुटण्याचे कारण बहुधा जास्त भार नसून कमी ताण हे असते.

हा ताण मोजायला उपकरण लागत नाही, कान पुरतात. रिमजवळ, स्पोक एकमेकांना ओलांडतात त्या जागेच्या बाहेर, बोटाने छेडा. सतारीच्या तारेसारखा स्वर निघेल. ताण चौपट झाला की कंपनसंख्या दुप्पट होते, हा नियम तुम्ही पुढे शिकाल. एकाच बाजूचे सगळे स्पोक छेडत जा. स्वर साधारण सारखा लागला तर उत्तम. मध्येच एखादा 'थड्' असा निघाला तर तो ढिला. मागच्या चाकाच्या दोन बाजूंची तुलना मात्र एकमेकींशी करू नका. फ्रीव्हीलमुळे त्या बाजूचा ताण थोडा वेगळा असतो.

चाकाचा 'आऊट' काढणे म्हणजे रिमचे डावे-उजवे डुलणे घालवणे. सायकल उलटी करून ब्रेकच्या रबराजवळ एक काडी बांधा आणि चाक फिरवा. रिम उजवीकडे घासली, तर त्या जागचे डाव्या बाजूचे निपल पाव फेरा आवळा आणि उजव्या बाजूचे पाव फेरा सैल करा. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नको. काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४० स्पोक असतात. मागे वजन जास्त, शिवाय चेनची ओढही मागच्याच चाकाला सोसावी लागते. पहिल्या चाकाला तुमची एक दुपार जाईल. जाऊ द्या.

रिमवरचा क्रोमियमचा मुलामा गंजाच्या ठिपक्यांनी भरला असेल, तर सॅंडपेपर लावू नका. चॉकलेटची अ‍ॅल्युमिनियमची चांदी पाण्यात बुडवून तिने घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमियमहून पुष्कळ मऊ असते. ते गंज काढते, पण मुलाम्यावर ओरखडा पाडत नाही.

टायर घेताना एक फसगत होते, तेवढी सांगून ठेवतो. टायरवरचा २६ किंवा २८ हा आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, आणि तोही अंदाजाने. रिमवर बसणारा आतला व्यास निराळाच असतो. '२६ × १ ३/८' या टायरचा तो व्यास ५९० मि.मी., तर जाड टायरच्या सायकलींच्या '२६ × १.९५' चा ५५९ मि.मी. दोघांवर २६ असले तरी एकाचा टायर दुसऱ्याला होत नाही. मोठ्या काळ्या सायकलीचा '२८ × दीड', म्हणजे ६३५ मि.मी.चा टायर, आपल्याकडे अजून बनतो. साठ-सत्तर वर्षांच्या विलायती रॅलेलाही तो चालतो.

चेन, चढ आणि थांबणे

"चेन ताणली गेली," असे सगळे म्हणतात. पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. झिजतात त्या पिना. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच असते, म्हणजे २४ अंतरांचे १२ इंच झाले पाहिजेत. फूटपट्टी लावून मोजा. १२ १/८ इंच भरले, तर चेन बदला. हिशेब करा. १/८ इंच म्हणजे ३.१७५ मि.मी.; २४ ने भागले की प्रत्येक सांध्याची झीज ०.१३ मि.मी. एवढीशी! पण या झिजेमुळे चेन दात्यांच्या तळाशी न बसता वर चढते, दाते वाघनखासारखे वाकडे झिजतात, आणि मग जोर लावला की चेन उसळते.

चेनव्हीलला ४४ दाते आणि फ्रीव्हीलला १८ असतील, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक २.४४ फेरे फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२३ मीटर, म्हणजे एका फेरीत सायकल सुमारे ५.४५ मीटर जाते. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर केवळ चढापोटी ३९ न्यूटन बल लागते. क्रँकची लांबी १६५ मि.मी. असेल, तर पायडलवर सरासरी २०५ न्यूटन, म्हणजे सुमारे २१ किलो वजनाइतका दाब द्यावा लागेल. फ्रीव्हील २० दात्यांचे बसवले, तर हा दाब एक दशांशाने कमी होतो. कात्रजच्या बाजूला राहणाऱ्यांनी हा बदल जरूर करावा; खर्च फक्त फ्रीव्हीलचा.

क्वचित एखाद्या सायकलीच्या मागच्या तुंब्यावर स्टर्मी-आर्चर हे नाव कोरलेले दिसेल. अशी सायकल हातची सोडू नका. त्या तुंब्याच्या पोटात तीन वेगांचा गिअर असतो. त्याच्या ए.डब्ल्यू. या प्रसिद्ध प्रकारात मधोमध २० दात्यांचे स्थिर चाक, त्याभोवती फिरणारी २० दात्यांची उपग्रहांसारखी चाके आणि बाहेर आतून दाते असलेले ६० दात्यांचे कडे असते. उपग्रहांची चौकट एक फेरा फिरली की कडे १ + २०/६०, म्हणजे ४/३ फेरे फिरते. उलट जोडले की ३/४. चढाला ३/४, सपाटीला १, उताराला ४/३. तुंब्यावर कित्येकदा '५८ ७' असे आकडेही असतात, म्हणजे तो १९५८ सालच्या सातव्या महिन्यातला. सांगाडा केव्हाचा, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

ब्रेकबद्दल हयगय नको. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ८० किलोंमध्ये सुमारे ७०० ज्यूल गतिज ऊर्जा असते. तीन मीटरांत थांबायचे, तर २३० न्यूटनहून जास्त रोधबल हवे. दांड्यांचे ब्रेक ते देऊ शकतात, पण दोन अटींवर. एक, रबरे नवी हवीत. वर्षानुवर्षांची जुनी रबरे दिसायला जाड असली तरी काचेसारखी कडक होतात, नख रुतत नसेल तर टाकून द्या. दोन, रिमच्या ज्या आतल्या पट्टीवर रबर टेकते तिथे तेल किंवा ग्रीसचा थेंबही नको. आणि पावसात? ओल्या क्रोमियमवर रबर घसरते. पावसाळ्यात या सायकलीला थांबायला अंतर पुष्कळ जास्त लागते, हे गृहीत धरूनच चालवा.

रंगाचे काय? घाई करू नका. मूळ काळा रंग, त्यावरच्या सोनेरी रेघा आणि पुसट झालेले नाव पुन्हा मिळत नाही. तेलाच्या फडक्याने पुसून पाहा. अर्ध्याहून जास्त सायकली तेवढ्यानेच समाधानकारक दिसतात. सीटचे चामडे भेगाळले नसेल, तर खालून थोडे चामड्याचे मेण लावा.

सायकल जोडून झाली की रस्त्यावर नेण्यापूर्वी अंगणात एक मोजमाप करा. मागच्या टायरवर खडूने जाड खूण करा, ती जमिनीला टेकलेली असताना एक पायडल बरोबर खाली आणा आणि सायकल हाताने पुढे ढकला. फ्रीव्हीलमुळे पायडल फिरणार नाही, म्हणून दुसऱ्याला ते हाताने चेन ताठ राहील इतके फिरवत यायला सांगा. पायडल पुन्हा खाली येईपर्यंत किती मीटर झाले, ते जमिनीवर मोजा. मग दाते मोजून, चाकाचा परीघ काढून गणिताने तेच अंतर काढा. दोन्ही उत्तरांत काही सेंटीमीटरचा फरक पडेल. टायरमध्ये हवा भरून आणि थोडी कमी करून, सीटवर कोणाला बसवून आणि न बसवता, हा प्रयोग चार वेळा करा आणि फरक कशाने बदलतो ते वहीत लिहून ठेवा.